नाव असलेला कुत्रा आणि नाव नसलेला कुत्रा

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. पदव्युत्तर वर्गाच्या तौलनिक साहित्याच्या तासाला थॉमस हार्डीच्या 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड' (१८७४) या कादंबरीतील सुरुवातीचा एक प्रसंग आम्ही नेहमी घेतो. गेब्रियल ओक या तरुण मेंढपाळाजवळ दोन कुत्रे आहेत. थोरला जॉर्ज मुरलेला आणि शहाणा आहे. मालकाच्या साध्या हाकेत आणि शिवी घालून मारलेल्या हाकेत किती अंतर आहे, हे त्याला इतके नेमके उमगलेले आहे की आकडीच्या काठीचा फटका चुकवायला किती वेगाने मागे यावे लागेल, हेही तो हिशेबाने ठरवतो. धाकटा त्याचाच मुलगा. काम करणे आणि काम अति करणे यांतला फरक त्याला कळत नाही. एके रात्री तो मेंढ्यांमागे धावतच राहतो, कुंपण तुटते आणि खडूच्या खाणीच्या कड्यावरून दोनशे गाभण मेंढ्या खाली कोसळून मरतात. कळपाचा विमा नसतो. ओक कंगाल होतो आणि त्याच दिवशी दुपारी त्या धाकट्या कुत्र्याला गोळी घातली जाते.

या प्रसंगावर आम्ही बहुधा नियती, शोकात्म उपरोध वगैरे बोलतो. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "मॅडम, त्या धाकट्या कुत्र्याचं नाव काय होतं?" मुलगा माण तालुक्यातल्या धनगर घरातला. आम्ही पाने चाळली. बापाला नाव आहे, मुलाला नाही. हार्डीने ते दिलेलेच नाही, असे सांगितल्यावर तो म्हणाला, "बरोबर आहे. कुत्रं कसं वागतं ते कळल्याशिवाय आमचे आजोबापण नाव ठेवत नाहीत."

त्या एका वाक्याने आमचा पुढचा तास बिघडला आणि प्रस्तुत लेखाचे बीज पडले. मेंढपाळाच्या कुत्र्याला स्वभाव असतो, हे मेंढपाळाला हजारो वर्षांपासून ठाऊक आहे. तो स्वभाव लिखित भाषेत केव्हा आला, कोणी आणला आणि आणताना त्याचे काय झाले, हा खरा प्रश्न आहे. वरवर पाहता हा विषय प्राणिशास्त्राचा वाटेल. परंतु जो बोलू शकत नाही त्याचे व्यक्तिचित्र कसे उभे राहते, आणि ते रेखाटण्याचा अधिकार कोणाच्या हाती येतो, हा प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्याचाच आहे.

मराठीने येथे एक सोय करून ठेवली आहे. आपण गुरे 'राखतो' आणि गुरे 'वळतो'. ही दोन क्रियापदे आपण सैलपणे वापरतो, पण कुत्र्यांच्या बाबतीत त्यांच्यात मोठे अंतर आहे. राखणारा कुत्रा कळपात राहतो, कळपाला आपले कुटुंब मानतो आणि लांडग्यावर धावून जातो. वळणारा कुत्रा कळपाबाहेर राहतो, कळपाभोवती फिरतो आणि त्याला धन्याकडे आणतो. राखणाऱ्याच्या अंगी माया आणि संशय लागतो. वळणाऱ्याच्या अंगी शिकाऱ्याची वृत्ती लागते, पण ती शेवटच्या पायरीआधी आवरलेली असावी लागते. रोखून पाहणे, दबा धरून सरकणे, पाठलाग करणे हे सारे लांडग्याचेच आहे. फक्त चावा आणि घात तेवढे वगळलेले. रेमंड कॉपिंगर या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने हा मुद्दा विस्ताराने मांडला आहे.

दख्खनच्या पठारावर लांडगा आजही आहे. म्हणून आपल्या धनगरी वाड्यावरचा कुत्रा मुख्यतः राखणारा असतो. मेंढ्या वळवण्याचे काम माणूस हाकाऱ्यांनी आणि काठीने करतो. कुत्र्याची खरी पाळी रात्री येते. इंग्लंडातील स्थिती वेगळी होती. जॉन केयस या वैद्याने १५७० मध्ये ब्रिटिश कुत्र्यांवर लॅटिनमध्ये एक पुस्तिका लिहिली. इंग्लंडात लांडगे उरले नसल्याने मेंढपाळाच्या कुत्र्याला फार थोराड किंवा हिंस्र असण्याची गरज नाही, असे तो तीत नोंदवतो. इतर देशांत मेंढ्या मेंढपाळाच्या मागे चालतात, इंग्लंडात मात्र मेंढपाळ मेंढ्यांच्या मागे चालतो, असेही तो सांगतो. धन्याचा आवाज किंवा शीळ ऐकताच कुत्रा भरकटलेल्या मेंढ्या हव्या त्या जागी आणतो. म्हणजे लांडगा गेला, राखणीचे ओझे उतरले आणि वळणाऱ्या कुत्र्याच्या बुद्धीला वाव मिळाला. तथापि केयसच्या पुस्तिकेत कुत्रा हा एक वर्ग आहे. त्याला कर्तव्ये आहेत, गुण आहेत. पण नाव नाही आणि लहर तर मुळीच नाही.

नाव येते ते दोन शतकांनंतर. रॉबर्ट बर्न्सच्या १७८६ सालच्या पहिल्या संग्रहातील पहिल्याच कवितेत दोन कुत्रे श्रीमंत-गरिबांच्या जगण्याविषयी गप्पा मारतात. त्यांपैकी शेतकऱ्याच्या कुत्र्याचे नाव लुआथ आहे, आणि ते बर्न्सच्या स्वतःच्या, कोणीतरी मारून टाकलेल्या लाडक्या कुत्र्याचे नाव होते. पण तेथेही लुआथ कुत्र्यापेक्षा कवीचा प्रवक्ताच अधिक आहे. तो माणसांविषयी बोलतो. त्याचे स्वतःचे काम आपल्याला दिसत नाही.

काम दिसते ते जेम्स हॉगच्या लेखनात. हॉग १७७० साली स्कॉटलंडच्या दक्षिणेकडील एट्रिकच्या डोंगराळ भागात जन्मला. शाळा जेमतेम काही महिने. लहानपणापासून गुरे-मेंढ्या राखण्याची चाकरी. तो पुढे कवी आणि कादंबरीकार झाला तरी एडिनबरोच्या साहित्यवर्तुळात त्याची ओळख 'एट्रिकचा धनगर' अशीच राहिली, आणि त्या ओळखीत कौतुकाइतकीच चेष्टाही होती. 'ब्लॅकवुड्स' मासिकाने 'नॉक्टेस अँब्रोसियाने' या संवादमालिकेत त्याचे अर्धवट विनोदी पात्र करून टाकले. त्याच मासिकातून आणि पुढे 'द शेफर्ड्स कॅलेंडर' (१८२९) या पुस्तकातून हॉगने आपल्या कुत्र्यांविषयी लिहिले. त्या हकीकती वाचल्यावर कळते की विषयाची खोल जाण कोणाला होती.

त्याचा सिरा हा कुत्रा एका गुरे हाकणाऱ्याच्या हाती दोरीने बांधलेला, उपाशी आणि रोडावलेला असा त्याच्या नजरेस पडला. का कोण जाणे, त्या मलूल चेहऱ्यात काहीतरी आहे असे वाटून हॉगने एक गिनी देऊन तो घेतला. कुत्रा वर्षाचाही नसेल. मेंढ्या वळण्याचे त्याला ओ की ठो ठाऊक नव्हते. पण हे आपले काम आहे असे उमगताच तो ज्या आतुरतेने शिकू लागला, त्याचे हॉगने मोठे आस्थेने वर्णन केले आहे. एकदा कळलेली खूण तो विसरत नसे आणि कळलेले उपाय पुरेनासे झाले की स्वतःच नवे काढत असे. आणि तरीही तो माणूसघाणा होता. त्याला स्तुती नको असे. अंगावरून फिरलेला हात त्याला खपत नसे. कामात संपूर्ण विश्वासू आणि लाडात संपूर्ण उदासीन, असा हा जीव.

त्याची प्रसिद्ध रात्र अशी. आयांपासून नुकतीच तोडलेली सुमारे सातशे कोकरे मध्यरात्री बिथरली आणि तीन दिशांना पांगली. हॉग आणि त्याचा सोबती रात्रभर डोंगर तुडवत राहिले. कोकरे नाहीत, कुत्राही नाही. उजाडल्यावर धन्याला काय तोंड दाखवायचे या विवंचनेत ते परतत असताना एका खोल घळीच्या तळाशी कोकरांचा जथा दिसला, आणि त्याच्यापुढे कोणी मदतीला येते का हे पाहत सिरा उभा होता. प्रथम वाटले, एखादी टोळी त्याने अडवली असेल. मोजल्यावर लक्षात आले की एकही कोकरू कमी नाही. अंधारात तिन्ही टोळ्या त्याने कशा गोळा केल्या हे हॉगला कधीच कळले नाही, आणि कळले असल्याचा आव तो आणत नाही. आमच्या मते हॉगच्या लेखनाचे मोठेपण येथे आहे. कुत्र्याच्या मनात शिरून तो त्याचे विचार सांगत बसत नाही. जे पाहिले ते लिहितो आणि जे घडले पण पाहिले नाही त्याची जागा मोकळी ठेवतो.

सिराचा मुलगा हेक्टर अगदी निराळा. बाप जितका गंभीर, तितका हा नमुनेदार. घरात मांजर असले की संध्याकाळभर तिच्यावर नजर रोखून बसायचे, ही त्याची खोड. तिला इजा करायची नाही, नुसते रोखून पाहायचे. घरात स्तोत्रे सुरू झाली की हाही गळा काढून साथ करी. एकदा हॉग आईला म्हणाला की उद्या मी पंधरवड्यासाठी बाउअरहोपला जाणार आहे, पण हेक्टरला नेणार नाही. तो तिथे भांडणे आणि गोंगाट करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी हेक्टर घरातून नाहीसा. यारो नदीला पूर आलेला, इतका की हॉगला सरोवराकडून वळसा घेऊन नावेने जावे लागले. बाउअरहोपला पोहोचतो तो हेक्टर घराजवळच्या टेकाडावर भिजलेल्या कोंबडीसारखा बसून त्याची वाट पाहत होता. पुरातून पोहून तो आधीच आला होता.

या किश्श्यावर वर्गात हमखास हशा पिकतो. पण हेक्टरच्या मांजराकडे पाहण्यात केवळ विनोद नाही. इंग्रजी मेंढपाळ ज्याला नुसते 'आय', म्हणजे डोळा, म्हणतात तो हाच गुण. काही कुत्रे भुंकून, अंगावर जाऊन मेंढ्या हलवतात. काही मात्र पोट जमिनीलगत नेऊन, मान खाली घालून नुसत्या नजरेने. नजर फार कमी असेल तर मेंढी जुमानत नाही आणि फार जास्त असेल तर कुत्रा स्वतःच त्या नजरेत अडकून थिजतो. मेंढीही उभी, कुत्राही उभा. हेक्टरची खोड म्हणजे घरात वाव न मिळालेले त्याचे कामच होते. चार्ल्स डार्विनने 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'मध्ये (१८५९) सहजप्रेरणांच्या प्रकरणात हाच धागा उचलला आहे. कळपावर धावून न जाता कळपाभोवती फिरण्याची प्रवृत्ती मेंढपाळी कुत्र्यांत उपजत उतरते, असे तो दाखवतो.

डार्विनने राखणारा कुत्राही पाहिला होता. १८३३ साली आजच्या उरुग्वेमधील एस्टान्सियांवर, म्हणजे तेथील विस्तीर्ण पशुपालन मळ्यांवर, त्याला माणसाविना कळप सांभाळणारे कुत्रे दिसले. पिल्लू लहानपणीच आईपासून तोडायचे, मेंढीला पाजायला लावायचे, मेंढवाड्यात लोकरीची गादी करून द्यायची आणि दुसऱ्या कुत्र्यांशी संबंध येऊ द्यायचा नाही, अशी ती रीत. असा कुत्रा रोज घरी मांसाचा तुकडा घ्यायला येतो आणि जणू लाज वाटावी तसा तो घेऊन पळतो. घरचे कुत्रे त्याच्यामागे लागतात. पण कळपाशी पोहोचताच तोच कुत्रा वळून भुंकू लागतो आणि मघाचे शूर घरकुत्रे शेपूट घालतात. भ्याडपणा आणि शौर्य हे एकाच प्राण्याचे दोन स्वभाव नसून दोन जागा आहेत, हे इतक्या थोडक्यात सांगणारे दुसरे उदाहरण आम्हाला आठवत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कुत्र्यांच्या चरित्राला एक वेगळे वळण लागले. ९ ऑक्टोबर १८७३ रोजी वेल्समधील बाला येथे मेंढपाळी कुत्र्यांची ब्रिटनमधील पहिली जाहीर परीक्षा झाली. वेल्समध्ये स्थायिक झालेल्या जेम्स थॉमसन या स्कॉटिश माणसाने आपल्या ट्वीड या कुत्र्यासह ती जिंकली. मग परीक्षा वाढल्या, गुण आले, नियम आले. १९०६ मध्ये 'इंटरनॅशनल शीपडॉग सोसायटी' स्थापन झाली आणि १९१५ मध्ये तिच्या चिटणिसाने, जेम्स रीडने, 'बॉर्डर कॉली' हे नाव रूढ केले. या जातीचा मूळ पुरुष म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो हेम्प १८९३ साली नॉर्थंबरलंडमध्ये अ‍ॅडम टेल्फर यांच्याकडे जन्मला. त्याचा बाप रॉय मनमिळाऊ, पण नजरेने सैल; आई मेग बुजरी, पण नजर जबरदस्त. या दोन टोकांच्या मध्ये हेम्प उतरला: शांत, न भुंकणारा, आणि काम करताना तीव्रतेने थरथरणारा. १९०१ मध्ये तो गेला तेव्हा त्याची संतती सुमारे दोनशेच्या घरात होती.

या नोंदवह्यांमुळे मोठे काम झाले, हे मान्य करायलाच हवे. ट्वीड, रॉय, मेग, हेम्प ही नावे एका अक्षराची, वाऱ्यात ऐकू जाणारी. ती कागदावर टिकली. परंतु परीक्षेत काय मोजता येते, याचाही विचार करावा. कुत्र्याने घेतलेला वळसा, मेंढ्या पहिल्यांदा हलवतानाची नजाकत, सरळ रेषेत आणणे हे दिसते, म्हणून त्याला गुण मिळतात. सिराच्या रात्रीला गुण कोण देणार? ती पाहायला कोणीच नव्हते. शीळ वाजवणारा धनी नसताना जे केले जाते ते परीक्षेच्या मैदानावर येऊच शकत नाही. त्याला साक्षीदार हवा, आणि तो साक्षीदार लिहिणारा असावा लागतो.

हेच कुत्रे समुद्रापार गेले तेव्हा स्वभावाची गरजच बदलली. ऑस्ट्रेलियातील मेंढ्यांचे मळे इतके अफाट की शीळ पोहोचणे अशक्य. व्हिक्टोरियातील कॅस्टरटनजवळच्या वॉरॉक मळ्यावर जन्मलेली एक काळी-तांबूस कुत्री जॅक ग्लीसन या तरुणाने १८७०च्या दशकाच्या आरंभी घोडा देऊन मिळवली, असे सांगतात. स्कॉटिश लोककथांतील जलपिशाच्चाचे नाव त्याने तिला दिले: केल्पी. पुढे तेच साऱ्या जातीचे नाव झाले. दूरवर स्वतःच्या बुद्धीने चालणे आणि अरुंद वाटेत कोंडी झाली की मेंढ्यांच्या पाठींवरून धावत पुढे जाऊन ती फोडणे, ही केल्पीची ख्याती. गुरांसाठी न्यू साउथ वेल्समध्ये टॉमस हॉल यांनी १८४०च्या सुमारास डिंगो या रानकुत्र्याचा संकर करून मूकपणे खुराजवळ चावा घेणारे कुत्रे तयार केले. अमेरिकेच्या पश्चिमेकडील रँचांवर घडलेल्या कुत्र्याला 'ऑस्ट्रेलियन शेफर्ड' म्हणतात, हा तर नावाचाच घोटाळा. तो ताठ उभा राहून, प्रसंगी भुंकून काम करतो आणि नजरेवर फारसा विसंबत नाही. रँचवर एखाद्या अडेल गायीपुढे उभे राहायचे तर नजरेपेक्षा छाती अधिक लागते. एका ठिकाणी जो दोष, तो दुसऱ्या ठिकाणी गुण.

विसाव्या शतकाच्या अखेरीस खरा वाद झाला तो रूप आणि कर्तृत्व यांचा. १९९५ मध्ये 'अमेरिकन केनेल क्लब'ने बॉर्डर कॉलीला प्रदर्शनाच्या जातीची पूर्ण मान्यता दिली, तेव्हा कामाचे कुत्रे पाळणाऱ्या अनेक मेंढपाळांनी कडाडून विरोध केला. त्यांचे म्हणणे साधे होते: कान कसे, रंग कसा यावर निवड सुरू झाली की स्वभाव कोणी विचारणार नाही. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात १८,००० हून अधिक कुत्र्यांच्या वर्तनाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातील भेदांपैकी जेमतेम ९ टक्के भेद जातीवरून सांगता येतो, असा त्याचा निष्कर्ष होता. आज्ञाधारकपणासारख्या काही बाबतींत जातीचा वाटा अधिक आहे, पण एकंदरीत जात हा स्वभावाचा कच्चा पत्ता आहे. सिरा आणि हेक्टर या बापलेकांविषयी हॉगने जे लिहून ठेवले होते, त्याला विज्ञानाने दिलेला हा उशिराचा दुजोराच म्हणायचा.

आता त्या विद्यार्थ्याकडे वळू. महाराष्ट्रात कुत्र्याला प्रतिष्ठा नाही असे म्हणता येणार नाही. खंडोबाजवळ कुत्रा असतो. त्याचे भक्त वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे मानतात, कोटंब्यात वाढलेले कुत्र्यासारखे खाण्याचा विधी करतात. म्हणजे कुत्र्याच्या निष्ठेला आपण थेट भक्तीच्या पायरीवर नेऊन बसवले. पण पायरीवर बसवलेल्याला लहरी उरत नाहीत. वाघ्या ही प्रतिमा झाली. अमुक वाड्यावरचा, अमुक खोडीचा कुत्रा तिच्यात मावला नाही. धनगरांच्या जगण्याचे मराठीतले मोठे चित्र 'बनगरवाडी'त (१९५५) आहे, आणि ते बाहेरून आलेल्या तरुण मास्तराच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. धनगरी ओव्यांचा आणि दैवतांचा साक्षेपी अभ्यास गुंथर सोन्थायमर या जर्मन विद्वानाने केला. दोघांचेही ऋण मोठे आहे. तरीही हॉगची जागा त्यांनी भरलेली नाही, कारण ती बाहेरून भरता येणारी नव्हे. ती भरायला कोकरे हरवल्याची भीती स्वतः अनुभवलेला माणूस हवा.

त्या मुलाला आम्ही पुढे एक साधे काम दिले. दिवाळीच्या सुट्टीत वाड्यावर जाऊन तिथल्या कुत्र्यांविषयी आजोबा जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून आणायचे. त्याने वहीची अकरा पाने आणली. एक कुत्री रस्त्यावरच्या ट्रकच्या दिव्यांना भुंकत नाही, पण बॅटरी न लावता येणाऱ्या माणसाला सोडत नाही. एक कुत्रा वाघरीच्या एकाच कोपऱ्यात झोपतो. तो कोपरा बदलला की आजोबा त्या रात्री जागे राहतात. आणि एका कुत्र्याने लांडग्यामागे फार दूर जाण्याच्या नादात एकदा मेंढरे उघडी टाकली होती. त्याचे काय केले, असे आम्ही विचारले. वहीत त्याचे उत्तर होते: त्याला बांधून ठेवले, वर्षभर थोरल्या कुत्र्याबरोबरच सोडले आणि मग नाव ठेवले.

हार्डीच्या त्या धाकट्या कुत्र्याला एक दिवसही मिळाला नव्हता. त्या वहीची अकरा पाने यंदापासून हार्डीच्या प्रकरणाला जोडून आम्ही वर्गात वाचणार आहोत. लेखकाचे नाव अर्थातच त्या मुलाचे आणि त्याच्या आजोबांचे राहील.